पिकलेली हवा

मी मूळची बेळगावच्या विमानतळाला लागून असलेल्या सांबऱ्याची. आमच्या घराच्या कौलांवरून विमानं इतकी खालून जायची की दोरीवर वाळत घातलेली धोतरं उचलून थेट गोव्याला नेऊन टाकायची. त्या आवाजावर मात करत वाढलेलं माणूस हळू बोलणार कसं? लग्न होऊन निपाणीला आले, तेव्हा मी घरात 'चहा टाकू का' म्हटलं की शेजारच्या तीन घरांतून 'टाक' असं उत्तर यायचं.

लग्न माघातलं. ऐन हंगाम. गाडीतून उतरले आणि जी शिंकायला लागले ती अकरा दिवस थांबले नाही. पहिल्या शिंकेला मुंडावळ्या उडाल्या, दुसरीला बँडवाल्याचा ताल चुकला, तिसरीला नवरदेव दोन पावलं मागं सरकले ते अजून पुरते पुढं आलेले नाहीत. पाहुणे घाबरले. सासरे तेवढे उंबऱ्यात शांत उभे होते. म्हणाले, "शिंकू दे. चार दिस मुरली की निपाणीची हुईल."

ते माझे सासरे, आप्पा. ही गोष्ट त्यांच्या श्वासाची आहे.

निपाणीचा हंगाम ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगून पटत नाही, म्हणून मी थोडा वाढवूनच सांगते. थंडीत शेतकऱ्यांचा माल वखारीत येऊन पडतो. बायका तोंडाला पदर घट्ट बांधून तंबाखू चाळायला बसतात. दारं उघडली की आतली भुकटी बाहेर पडते, धुक्यात मिसळते आणि अख्ख्या गावावर एक पिवळसर तलम पदर उतरतो. त्यातून सायकली तरंगत येतात. म्हशी नुसत्या शिंगांनी ओळखाव्या लागतात. वास तर असा, गुळासारखा गोड आणि मागून मिरचीसारखा लागणारा, की हायवेवरून जाणाऱ्या बसमधले झोपलेले लोक निपाणीशी एकदम शिंकून उठतात आणि कागल मागं पडलं की पुन्हा झोपतात. ड्रायव्हर त्यावरून गाव ओळखतो म्हणे. सकाळी शाळेत शिकवायला जाताना मला कितीदा वाटलं आहे की मी चालत नाहीच आहे, कुणाच्या तरी जुन्या, सुखाच्या स्वप्नातून मला हळूच पुढं ढकललं जातं आहे. खोकला यायचा तेव्हा जाग यायची.

आप्पा त्या स्वप्नातलेच. उभा जन्म एका वखारीत पारखी होते. शेतकऱ्यानं आणलेलं पान हातात घ्यायचं, उजेडाकडं धरायचं, अंगठ्यानं चुरायचं, नाकाशी न्यायचं आणि माल कसा ते सांगायचं, एवढंच काम. पण कसं! पान हुंगून ते शेत सांगत, शेताचा बांध सांगत, आणि बांधावर भावाभावांत भांडण चालू असेल तर चूक कुणाची तेही सांगत. एकदा एका शेतकऱ्याला त्यांनी पान हुंगून विचारलं होतं, "बायकू माहेरी गेली काय?" तो बिचारा तिथंच रडायला लागला. हे मी पाहिलेलं नाही, पण ज्यांनी सांगितलं तेही माझ्यासारखेच खरं बोलणारे लोक आहेत.

त्यांची पारख मुख्यतः रंगावर. हिरवं पान म्हणजे कच्चं. ते नुसतं बघूनच बाजूला. पिवळं म्हणजे बरं, होतंय. त्याच्यापुढं नारिंगी झाक आली की आप्पांच्या भुवया वर जात. आणि पान पिकून त्यावर तांबडे ठिपके उमटले, सगळं पान तांबूस झालं, की आप्पा ते पान लगेच खाली ठेवत नसत. देवाच्या अंगाऱ्यासारखं क्षणभर धरून राहत.

निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या छातीत निपाणीचे चाळीस-एक हंगाम भरलेले होते. जिना चढताना ते थांबायला लागले. मग बोलताना थांबायला लागले. डॉक्टरांनी पंप दिला, गोळ्या दिल्या, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आजार पुरता जाणारा नाही, पण सांभाळला तर माणूस हिंडता-फिरता राहील. रोज थोडं चालायचं, मोकळा श्वास घेत चालायचं, मात्र हवा चांगली असेल त्याच दिवशी. संक्रांत झाली की बघू म्हणाले. तोवर चौकापासून ओढ्यावरच्या पुलापर्यंत न थांबता जाता आलं तर ठीक. नाही आलं तर त्यांना निपाणीतून हलवा. कायमचं.

हलवायचं कुठं, ते ठरलेलंच होतं. माझी थोरली नणंद, आक्का, कणकुंबीला दिलेली. तिथं सगळं जंगल. हवा अशी की बाटलीत भरून देवघरात ठेवावी. आक्का तर वर्षभर मागं लागली होती, की आप्पांना माझ्याकडं धाडा. पण आप्पा एकदा तिच्याकडं चार दिवस राहून आले होते आणि तिथलं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडायचा. तिथं बोलायला तंबाखूतलं एक माणूस नाही, सकाळी बसायला कट्टा नाही, वखारीचा भोंगा नाही. मला एकदा हळूच म्हणाले होते, "पोरी, तिथं मला कोण वळखतंय? हितं मी चाललो तर लोक म्हंत्यात, पारखी चालला. तिथं म्हातारा चालला म्हंतील."

नेमका त्याच थंडीत चौकात हवा मोजणारा बोर्ड आला.

बोर्ड मोठा देखणा. वखारींच्या गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांब, वर काळी पाटी. पाटीवर हवेचा आकडा, आणि आकड्याभोवती रंगाचं एक मोठं गोल. हवा जशी असेल तसा रंग. खाली अक्षरं पळत जायची, आधी कानडीत, मग इंग्रजीत. इतकी जोरात पळायची की वाचायचं तर माणसानंही बरोबर पळावं लागे. खांबाच्या मधोमध एक छोटा तक्ता होता, कुठला रंग म्हणजे कशी हवा ते सांगणारा. तो तक्ता गावानं दहा-बारा दिवस पाहिला असेल. मग एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस आला. खांबाला शुभेच्छांचा फ्लेक्स बांधला गेला, आणि तक्त्याच्या जागी त्या भावी माणसाचे हात जोडलेले राहिले. वाढदिवस होऊन गेला. हात जोडलेलेच.

पहाटेच्या धुक्यात तो बोर्ड बघण्यासारखा असायचा. खांब दिसायचा नाही. नुसतं रंगाचं गोल हवेत अधांतरी. कुठल्यातरी दुसऱ्या गावाचा चंद्र वाट चुकून आमच्या चौकात आला आहे आणि आता परत कसं जायचं म्हणून थांबला आहे, असा. त्याचा रंग धुक्यात झिरपायचा. दूध घालणारे, पेपर टाकणारे, बिड्या वळायला निघालेल्या बायका, सगळे त्या रंगाचे होऊन जायचे आणि पलीकडं गेले की पुन्हा आपापल्या रंगाचे.

माझ्या शाळेत तर मी बोर्डाचा उत्सवच केला. रंगीत कागदांचा तक्ता केला, भिंतीवर लावला, आणि पोरांकडून घोटून घेतला. हिरवा चांगली, पिवळा मध्यम, नारिंगी वाईट, तांबडा फार वाईट. चाळीस पोरं इतक्या जोरात म्हणायची की शेजारच्या वर्गातले गुरुजी गणिताचं उत्तर म्हणून 'नारिंगी' लिहून बसले. आणि घरी येऊन मी आप्पांना एवढंच सांगितलं, "आप्पा, डॉक्टर म्हणालेत, रोज बोर्ड बघायचा. हवा चांगली असली तरच फिरायला जायचं. आणि छाती भरून श्वास घ्यायचा."

"बरं," आप्पा म्हणाले.

बोर्ड बघायची त्यांची शिस्त अशी की घड्याळ त्यांच्याकडं बघून चालावं. पहाटे उठायचे, मफलर गुंडाळायचे, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन बोर्डाकडं नजर टाकायचे. कधी तिथूनच परत येऊन अंथरुणात शिरायचे, तर कधी काठी घेऊन निघायचे ते तासाभरानं यायचे. मी तोवर डबे भरून शाळेला गेलेली असे. पण शिक्षकांच्या खोलीत, भाजीबाजारात, बसस्टँडवर मी त्यांचं कौतुक इतकं केलं की कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत बोर्ड बघून श्वास घेणारा एवढा एकच म्हातारा आहे, अशी लोकांची समजूत झाली. महाराष्ट्राचं मी जरा वाढवून सांगितलं.

पण आप्पा खालावत चालले. मोकळं वाटायच्या ऐवजी छाती जास्तच वाजायला लागली. फिरून आले की खुर्चीत बसून राहायचे, ओठ निळसर, आणि हातानं खूण करायचे, की थांबा, श्वास येतोय, वाटेत आहे. पंप दिवसातून दोनदाचा चारदा झाला. पुलापर्यंत राहू दे, चौकाच्या पुढं चार दुकानं गेली की ते काठीवर वाकायचे. डॉक्टर बुचकळ्यात पडले. बोर्ड बघता ना, विचारलं. आप्पांनी मान हलवली. चांगल्या हवेतच जाता ना? आप्पा जरा दुखावूनच म्हणाले, "डॉक्टर, मला काय चांगलं-वाईट कळत न्हाय व्हय?"

संक्रांत आली, तिळगूळ झाला, आणि घरात ठरलं. येत्या रविवारी आक्का जीप घेऊन येणार. माझ्या नवऱ्यानं आप्पांची बॅग माळ्यावरून काढली. आप्पांनी ती भरायला हात लावला नाही आणि भरू नका असंही म्हटलं नाही. ते नुसते उंबऱ्यात बसून चौकाकडं बघत राहिले.

त्या रविवारी सकाळी मी उशिरा उठले. आप्पा फिरायला गेलेले. पंप मात्र फडताळावर तसाच. मी तो मुठीत धरून, वेणी न घालताच पळाले.

बाहेर असं धुकं होतं की मी आधी हात पुढं करून रस्ता चाचपला. सगळं गाव तांबूस झालेलं. हवेत वास इतका दाट की कापून टोपलीत भरावा. आणि चौकाच्या दिशेला, वर, अधांतरी, तांबडंभडक गोल. त्याच्याखाली वखारीच्या जुन्या कट्ट्यावर चार म्हातारे ओळीनं बसलेले. आप्पा, त्यांच्या शेजारी वखारीतले एक जुने हमाल, पलीकडं आणखी दोघं. चौघांच्या हनुवट्या वर, डोळे मिटलेले, आणि चौघं एका तालात छाती भरून श्वास ओढत होते. तांबडा उजेड त्यांच्या पांढऱ्या मिशांवर पडला होता. कुठल्याशा देवळात काकडआरतीला बसावं तसे दिसत होते. इतकं सुंदर होतं ते, की मी क्षणभर पंप विसरले.

आप्पा डोळे न उघडता हमालांना सांगत होते, "ओढ. दमानं ओढ. असला माल रोज येत न्हाय." मग खोकल्याची एक लाट आली, ते वाकले, आणि पुन्हा सरळ होऊन हनुवटी वर.

मी पुढं झाले. विचारलं, आप्पा, काय चाललंय हे?

"हवा खातोय," ते म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलंय न्हवं, बोर्ड बघून. आज बघ कसं पिकलंय. गेल्या हप्त्यात एक दिस निस्तं हिरवं. कच्चं. मी बाहीर पाऊल टाकलं न्हाय."

हमाल म्हणाले, "परवा नारिंगीला आलतो आमी. पर ह्याची सर न्हाय, बाई."

माझ्या आयुष्यात माझ्या तोंडून शब्द फुटला नाही अशा वेळा दोनच. एक जन्मताना, आई सांगते की मी थोडी उशिरा रडले. आणि दुसरी ही.

चाळीस पोरं मला डोळ्यांसमोर दिसायला लागली, रंगीत तक्त्याखाली ओरडणारी. आणि घरातलं हे एक माणूस, जन्मभर रंग बघून जगलेलं. त्याला मी 'बोर्ड बघा' म्हटलं होतं, रंग कसा बघायचा ते सांगितलंच नव्हतं. त्याला काय सांगायचं रंगाचं? असंच वाटलं होतं मला. त्याचं त्यानं बघितलं, जसं येतं तसं. आणि अख्खी थंडी, जेव्हा जेव्हा हवा सगळ्यात घाण, तेव्हा तेव्हा हा म्हातारा डॉक्टरांचा शब्द पाळून छाती भरभरून ती आत घेत होता. ज्या ज्या दिवशी वारा सुटून गाव धुतल्यासारखं व्हायचं, त्या त्या दिवशी दार लावून घरात.

मी हळू आवाजात सांगायचा प्रयत्न केला. सवय नसल्यामुळं तो चौकभर ऐकू गेला. हिरवं म्हणजे चांगली हवा, आप्पा. तांबडं म्हणजे वाईट.

आप्पांनी डोळे उघडले. "कोण म्हंतंय?"

"सगळं जग म्हणतंय."

"जगानं तंबाखू कवा बघितलीया?"

हमाल हसले. बाकीचे दोघंही हसले, खोकले. एक जण म्हणाला, शाळा आज बंद हाय म्हणून बाईंना शिकवायला कुणी गावंना. मी मग फ्लेक्सकडं गेले. भावी नगरसेवकाला मनोमन नमस्कार केला आणि त्याला कोपऱ्यातून सोलून वर केलं. मागं कानडीतला तक्ता होता, भुकटी बसून पिवळा झालेला. पदरानं पुसला. आप्पांना म्हटलं, या, वाचा.

आप्पा कानडी बोलायला फर्डे, वखारीत निम्मे व्यापारी कानडीच होते. वाचायला मात्र एकेक अक्षर जुळवावं लागे. ते काठी टेकत आले. हिरव्या पट्टीवर बोट ठेवलं आणि वाचलं, उ, त्त, म. थांबले. पुन्हा वाचलं. बोट खाली खाली सरकत गेलं, पिवळ्यावरून, नारिंगीवरून. तांबड्यावर आलं. तिथं दोन शब्द होते. पहिला त्यांना लागला नाही. दुसरा वाचायला त्यांना अक्षरं जुळवावी लागली नाहीत.

"कळपे," ते म्हणाले.

कळपे म्हणजे हलका, टाकाऊ माल. वखारीत हा शब्द आप्पांचा होता. ज्या गठ्ठ्याला ते 'कळपे' म्हणत, तो गठ्ठा पुन्हा वखारीच्या दारात येत नसे. मोठमोठे व्यापारी त्या एका शब्दाला भ्यायचे. आता तो शब्द तिथं, तांबड्यावर, छापलेला होता.

कट्ट्यावरचे तिघं हसायचे थांबले. कुणीतरी मफलर नाकावर ओढला. मी पंप पुढं केला, तो आप्पांनी घेतला, ओढला. मग त्या तांबड्या धुक्याकडं, त्यातून तरंगत जाणाऱ्या सायकलींकडं बघत म्हणाले, "म्हंजे इतकं दिस मी ह्या वखारीत समदा कळपे माल भरला." आणि छातीवर हात ठेवला.

घरी येताना त्यांनी मफलर नाकावर गच्च धरला होता.

आक्का दुपारी जीप घेऊन आली. मी तिला दारातच सगळं सांगून टाकलं. चूक माझी, हे चार वेळा सांगितलं. आक्कानं चपला काढता काढताच मला धरलं. "वयनी, चाळीस पोरांला शिकीवलंस. घरातलं एक म्हातारं तेवढं राहिलं व्हय गं?" नवरा म्हणाला, झालं ते झालं, आता तर हलवायलाच पाहिजे. आक्का म्हणाली, बॅग आणा.

आप्पा उंबऱ्यातून उठले नाहीत. "म्हैनाभर थांब," ते म्हणाले. "एवढं दिस उलटं वागलो. एक म्हैना सुलटं वागून बघतो. न्हाय जमलं तर मी हून जीपमधी बसतो. तुला हाक मारायला लावनार न्हाय."

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडं असं बघितलं की मी लहान होऊन स्टुलाखाली गेले. मग म्हणाले, एक महिना. आक्का रिकामी जीप घेऊन गेली.

तो महिना मला कापसातून चालल्यासारखा आठवतो. आप्पा पहाटे उठायचे, गल्लीच्या टोकाला जाऊन बघायचे. पिवळं, नारिंगी, तांबडं दिसलं की वळून यायचे, खिडक्या लावून घ्यायचे आणि काचेतून बाहेरचं सोनेरी धुकं बघत बसायचे. एखाद्या जुन्या मित्राशी अबोला धरावा तसं. मी म्हणायचे, आप्पा, कसं वाटतंय? ते म्हणायचे, "माल लई देखना हाय. पर घ्यायचा न्हाय." हंगामात हिरवा दिवस म्हणजे पाहुणा. कधी आठवड्यात एक, कधी तोही नाही. पण आला की आप्पा काठी घेऊन निघायचे. पहिल्या हिरव्याला चार दुकानं. दुसऱ्याला आठ. परत आले की तोंड वाकडं. म्हणायचे, हवा पाणचट लागती, कस न्हाय.

मग एके दिवशी हिरव्यातून परत येताना त्यांच्या हातात हरभऱ्याचा डहाळा होता. उंबऱ्यात बसून एकेक घाटा सोलून खात होते. मला हाक मारली. "आगं, घावलं. हवा म्हंजे तंबाखू न्हवंच. हवा म्हंजे डहाळा. हिरवा हाय तवरच खायाचा. वाळला की त्येचं भुस्काट." त्याच दिवशी हे त्यांनी कट्ट्यावर सांगितलं. कट्ट्यानं ऐकलं, कारण पारख्याचा शब्द होता. पुढच्या तांबड्या सकाळी कट्टा रिकामा. निपाणीच्या इतिहासात तो कट्टा रिकामा पडल्याची ही पहिलीच वेळ. पूर्वी एकदा त्यावर बैल बसला होता, तेव्हासुद्धा म्हातारे बैलाला टेकून बसले होते.

महिना सरला आणि आक्का पुन्हा आली. सकाळीच आली, पदर खोचून. म्हणाली, चला आप्पा, पूल दाखवा. आप्पा गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. बोर्ड नारिंगी होता.

"आज न्हाय," म्हणाले.

आक्का म्हणाली, जीपवाला थांबलाय.

"थांबू दे. हलक्या मालात मी पाय टाकत न्हाय."

जीपवाला जेवून झोपला. दुसऱ्या दिवशीही नारिंगी. तिसऱ्या दिवशी पिवळं, आक्का म्हणाली हे चालंल की, आप्पा म्हणाले मध्यम. जीपवाला आमच्या घरात इतका रुळला की त्यानं भांडी घासायला घेतली. चौथ्या दिवशी पहाटे वारा सुटला. पत्रे वाजले, फ्लेक्स फडफडला, गावावरचा पदर कुणीतरी एका हिसड्यात ओढून नेला. मी दार उघडलं तर तवंदी घाटाच्या कडेचं झाडन् झाड वेगळं दिसत होतं. चौकात हिरवं गोल, पहाटेच्या निळ्या उजेडात, पाण्यात पडलेल्या पानासारखं हलत होतं.

आप्पा, आक्का आणि मी निघालो. आक्का चौकातच थांबली, म्हणाली, मला इथून सगळा रस्ता दिसतो, फसवायचं काम नाही. मी आप्पांच्या बरोबर. चार दुकानं गेली. आठ गेली. बंद वखारींची दारं गेली, पिठाची गिरणी गेली. त्यांची काठी एकसारखी टेकत होती, टक, टक, मधे खंड नाही. छातीतला आवाज मी कान देऊन ऐकत होते; छाती वाजत होती, पण शिट्टीसारखी नाही, लांबच्या बाजाच्या पेटीसारखी. मला इतकं भरून आलं की मी बोलायला लागले. कणकुंबीचं, डॉक्टरांचं, शाळेतल्या पोरांचं, पुढच्या हंगामात काय करायचं त्याचं. वाटलं तर दोन महिने आक्काकडं पाहुणे म्हणून जाऊन या, मग परत या, असं मी सगळं ठरवून टाकलं. रस्ता जरासा चढाचा. बोलता बोलता मला धाप लागली. पोटात दुखायला लागलं. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

आप्पा थांबले नाहीत. तसेच हळूहळू पुढं गेले, पुलापर्यंत, कठड्याला काठी टेकवली आणि मग वळून माझी वाट बघत राहिले. पाठीमागं चौकातून आक्कानं पदराचं टोक वर करून हलवलं, की दिसलं, दिसलं.

मी धापा टाकत पोहोचले. ते ओढ्यातल्या पाण्याकडं बघत होते. श्वास चालू होता, आत, बाहेर, आपला आपण.

"चालताना एवढं बोलू नगस," ते म्हणाले. "हवेला आत जायला जरा जागा ठेव."

परत येताना मी गिरणीपर्यंत एक शब्द बोलले नाही. गिरणी अगदी जवळ आहे.